इमू केवढा असतो?

आमच्या सावेडीच्या घरात, पुस्तकांच्या कपाटावर, शब्दकोश आणि गजराचे घड्याळ यांच्या मध्ये एक अंडे ठेवलेले आहे. पाहुणे आले, की चहा येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात त्यांची नजर हमखास त्याच्यावर जाते. रंगाने ते गडद हिरवे आहे; इतके गडद, की दिवेलागणीला काळेच वाटते. लांबीला पाच इंच, आणि पाठ अशी खरबरीत, की हात फिरवला तर बोटांना कळावे. कोणी त्याला दगड समजतात, कोणी रंगवलेला नारळ. आमच्या एका प्राध्यापक मित्रांनी तर "शाळिग्राम का हो?" असे म्हणून भक्तिभावाने हातही जोडले होते. ते इमूचे अंडे आहे असे मी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "केवढा असतो हो इमू?"

प्रश्न अगदी साधा आहे. कोणत्याही ज्ञानकोशात त्याचे उत्तर दोन ओळींत मिळते. पण गेली बारा-तेरा वर्षे ते दोन ओळींचे उत्तर माझ्या तोंडून धडपणे निघत नाही. परवा आमच्या मुलीनेच विचारले, तेव्हा "असतो पाच-साडेपाच फूट" एवढे बोलून मी वर्तमानपत्रात तोंड खुपसले. ती काही फसली नाही. त्या तोंड खुपसण्यामागची हकिगत आज सांगून टाकतो.

माझे आजोळ कर्जत तालुक्यात आहे. रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आहे ना, तेथून आठ-दहा किलोमीटरवर. पर्जन्यछायेचा मुलूख; पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, आणि तोही राहायच्या बेताने नव्हे. माझे वडील लवकर वारले, तेव्हा मामांनी मला आपल्या घरी नेले. पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्यांच्या ताटात जेवलो. अकरावीला मला नगरला ठेवताना त्यांनी एक खिलारी खोंड विकला होता. ही गोष्ट मला फार उशिरा, आणि तीसुद्धा मामींच्या तोंडून कळली. अशा माणसाने 2009 साली एक चकचकीत पुस्तिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मास्तर, तू शिकलेला. वाच अन् सांग."

महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून मला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मामा मला थट्टेने 'मास्तर' म्हणत. पण त्या थट्टेत अभिमान किती होता, हे मला ठाऊक होते.

पुस्तिका इमूपालनाची होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आंध्रात सुरू झालेला हा धंदा तोवर आपल्याकडेही चांगलाच पसरला होता. या पक्ष्याचे काही म्हणजे काही वाया जात नाही, असे पुस्तिकेचे म्हणणे होते. मांस पथ्याचे, कातडे पिशव्यांना, पिसे शोभेला, चरबीचे तेल सांधेदुखीवर, आणि अंड्याचे कवच नक्षीकामाला. एका जोडीपासून वर्षाला अंडी किती, पिल्ले किती आणि रुपये किती, याचे कोष्टक शेवटच्या पानावर होते. कंपनी स्वतःच पक्षी देणार आणि स्वतःच अंडी-पिल्ले परत घेणार. (तिचे नाव मी घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही.)

मी ती पुस्तिका लाल पेन घेऊन वाचली. सवयच ती! 'पक्षी'तला 'क्षी' दोन ठिकाणी ऱ्हस्व होता, 'उत्पन्ना'ला एक 'न' कमी होता, आणि एक वाक्य कर्त्यावाचून लटकत होते. शुद्धलेखनाच्या चार चुका मी काढल्या. हिशोबातली एकही काढली नाही. "भाषा जरा गचाळ आहे, पण मजकूर ठीक वाटतो," असा अभिप्राय मी दिला. मामांनी त्याचा अर्थ 'मास्तरांनी पास केलं' असा घेतला. त्यांचा काय दोष? पतसंस्थेतून अडीच लाखांचे कर्ज निघाले. मामांच्या सहीखाली जामीनदार म्हणून माझी सही झाली. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

दहा जोड्या आल्या, त्या तीन महिन्यांच्या. अंगावरचे लांबलांब पट्टे पुसट होत चालले होते. गावाने पक्ष्यांचे नाव लगेच 'शहामृग' ठेवले. मी त्यावर एक छोटेसे व्याख्यान दिले: शहामृग वेगळा, त्याच्या पायाला दोन बोटे, याच्या पायाला तीन, तो आफ्रिकेचा, हा ऑस्ट्रेलियाचा. शिवाय 'शहामृगा'तला 'मृग' म्हणजे हरिण नव्हे. फारसीत 'मुर्ग' म्हणजे पक्षी, आणि फारसी लोक त्याला 'शुतुर्मुर्ग', म्हणजे उंटपक्षी, म्हणतात. एवढेच नव्हे, तर जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली कवचे सापडली आहेत, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची! हे ऐकून मामा म्हणाले, "म्हंजे कवचावर नक्षी काढायचा धंदा लई जुना हाय. चालंल मग." माझ्या विद्वत्तेचा असा उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते.

दीड-दोन वर्षांत ते पक्षी माझ्या खांद्याला लागले. 2011 च्या मे महिन्यात सुटीला गेलो असताना मी मामींच्या शिवणयंत्रावरची टेप घेतली आणि एका मादीची मोजमापे घेतली. इमूला समोरून धरायचे नसते. त्याची लाथ पुढे येते, आणि ती मोडक्या हाडांच्या रूपाने लक्षात राहते. बगलेने जाऊन दोन्ही बाजूंचे थिटे पंख धरायचे आणि त्याला अंगाशी ओढून घ्यायचे. मामांनी तसे धरले, मी टेप लावली आणि मामी लांबून हसू लागल्या. "काय, झंपर शिवायचाय का तिला?"

डोक्यापासून जमिनीपर्यंत पाच फूट सात इंच. कांद्याच्या काट्यावर वजन एक्केचाळीस किलो. उंचीत जगातल्या सगळ्या पक्ष्यांत शहामृगाच्या खालोखाल इमूचाच नंबर. काही काही तर सव्वासहा फुटांपर्यंत जातात. इमूचे नर-मादी दिसायला सारखेच, मादी अंमळ थोराड. एवढ्या देहाला पंख मात्र जेमतेम आठ इंचांचे. पिसांत लपलेले, टोकाला एक नखी असलेले ते पंख पाहून मला आमच्या भाषेतल्या काही प्रत्ययांची आठवण झाली: अर्थ केव्हाच गेला, शेपूट तेवढे राहिले.

पण निसर्गाने जे पंखांतून काढून घेतले, ते पायांत भरले आहे. पोटऱ्या अशा पीळदार, की तालमीतल्या पैलवानाने लाजावे. त्या पायांवर इमू तासाला पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावतो, आणि धावताना त्याची एकेक ढांग नऊ फुटांची पडते. पिसांची तऱ्हा तर आणखी निराळी. एकाच मुळातून दोन दोन पिसे फुटलेली. आणि पिसाच्या तंतूंना एकमेकांत अडकवणारे आकडे नसल्यामुळे ती पिसासारखी न दिसता केसांसारखी लोंबतात. पाठीच्या मध्यावर सरळ भांग. लांबून पाहिले तर गवताने शाकारलेले छप्पर दोन पायांवर निघाले आहे असे वाटावे! त्यातून वर आलेली मान निळसर, केस विरळ झालेली, आणि तिच्यावर तांबूस-पिवळे, कमालीचे चौकस डोळे. त्या डोळ्यांना चकाकणारी वस्तू सोडवत नाही. खडे तर तो पचनासाठी गिळतोच. माझ्या खिशातले, सासऱ्यांनी दिलेले सोनेरी टोपणाचे पेनही त्याच भावनेने गिळले गेले. घरी आमच्या सौभाग्यवतींना मी ते हरवले असे सांगितले आहे. हा अंक त्यांच्या हाती पडायच्या आत कोठेतरी ठेवून द्यायला हवा.

त्या रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या मी मामांना ऑस्ट्रेलियातल्या इमूंच्या लढाईची गोष्ट सांगितली. 1932 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅम्पियनच्या बाजूला वीसेक हजार इमू गव्हाच्या शेतांत घुसले. सरकारने त्यांच्यावर चक्क सैन्य पाठवले: एक मेजर, दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या. इमू लहान लहान टोळ्यांनी पांगत, गोळीच्या टप्प्याबाहेर जात, आणि अंगावरची गोळी तशीच घेऊन पळतही. महिनाभराच्या खटपटीनंतर सैन्य परत गेले. मी हसत होतो. मामांनी विचारले, "अन् शेतकऱ्यांच्या गव्हाचं काय झालं?" ती शेते पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना दिलेली होती, गव्हाचा भाव आधीच कोसळला होता. मी तसे सांगितले. मामा म्हणाले, "म्हंजे तिथंबी शेतकरीच मेला."

एवढ्यात गोठ्यापलीकडच्या जाळीतून एक आवाज आला. ढोलावर पालथी मूठ हळूच मारावी तसा. खोल, दबका, जमिनीतून येणारा. इमूच्या मादीच्या गळ्यात एक पिशवी असते. ती फुगवून ती हा नाद काढते. नर नुसताच गुरगुरतो. मी हे सांगू लागलो, तर मामांनी हात वर करून मला थांबवले. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"माळढोक असा घुमायचा," ते म्हणाले. "मी बारका हुतो तवा. ह्याच माळावर."

माळढोक मी फक्त चित्रांतच पाहिला आहे. तोही तीन बोटांचा. मागचे बोट नाही, म्हणून झाडावर बसत नाही. उभा राहिला तर तीन-साडेतीन फुटांचा. नराचे वजन पंधरा किलोंपर्यंत, आणि तरीही उडणारा! जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडे घालणारा. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झाले. आमचा कर्जत तालुकाही त्यात होता. आता महाराष्ट्रात एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. आपला मोठा पक्षी आपण माळावरून घालवला, आणि दुसऱ्या खंडातला मोठा पक्षी कर्ज काढून जाळीत आणून ठेवला! हे सगळे मला आज सुचते आहे. तेव्हा मी कूस बदलून झोपलो.

पहिल्या हंगामात कंपनीची गाडी आली, अंडी गेली, पैसे आले. आपल्याकडे इमू अंडी घालतो थंडीत, दिवाळीच्या आगेमागे सुरुवात करून फाल्गुनापर्यंत. दुसऱ्या हंगामात गाडी आली, अंडी गेली, पैसे अर्धेच आले. 2012 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईच्या एका मोठ्या इमू-कंपनीचा डोलारा कोसळल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, आणि मग आमच्याकडे गाडीही येईना आणि फोनही कोणी उचलेना.

तेव्हा कुठे मी ते कोष्टक लाल पेनावाचून वाचले. मांस कोण खाणार होते? आमच्या तालुक्यात तर इमूचे मांस मागणारे गिऱ्हाईक मला दिसले नाही. तेल, कातडे, पिसे यांचे दुकान मी पाहिले नव्हते. इतकी वर्षे पिल्लांना जो भाव होता, तो एवढ्याचसाठी, की ती पिल्ले नव्या शेतकऱ्याला जोडी म्हणून विकली जात होती. एका मामाच्या पिल्लांचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरा मामा. नवे मामा मिळेनासे झाले आणि धंदा संपला. एवढा हिशोब चौथीतल्या पोरालाही आला असता. पण एम. ए. झालेल्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घाने गुंतवून ठेवले होते!

त्या वर्षी पाऊसही नव्हता. नगर जिल्ह्यात दुष्काळ पडला. जनावरांसाठी चारा छावण्या निघाल्या. छावणीत गाय-बैल-म्हैस यांची नोंद होई. इमूची कोण करणार? लोकांनी रात्री जाळ्या उघडून पक्षी सोडून दिल्याचे कानावर येत होते. मामांनी जाळी उघडली नाही. मका उधारीवर आणत, टँकरच्या पाण्यातला वाटा त्यांना देत, आणि लोक हसले की स्वतःही हसत.

ऑक्टोबरात पतसंस्थेची नोटीस माझ्या नावाने महाविद्यालयाच्या पत्त्यावर आली. शिपायाने ती सगळ्यांसमोर दिली. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, आणि घरासाठी आम्ही पैपैसा बाजूला टाकत होतो. सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. भाऊबीजेला आईला घेऊन मी आजोळी निघालो, तो नोटीस खिशात घालून. आज मामांशी स्पष्ट बोलायचे असे ठरवले होते. वाटेत वाक्येसुद्धा जुळवली होती. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष होती.

ओवाळणी झाली, जेवणे झाली. मामा म्हणाले, "चल, तुला गंमत दाखवतो."

जाळीच्या कोपऱ्यात, पाचटावर, एक नर बसला होता. मान जमिनीसरशी पसरलेली, पिसे विस्कटलेली. लांबून शेणाचा ढीग वाटावा. कंपनी अंडी नेईना, म्हणून मामांनी ती उचलायचे सोडून दिले होते, आणि या नराने ती पोटाखाली घेतली होती.

"तूच सांगितलं हुतंस ना, मादी अंडी देती अन् नर बसतो म्हणून? आज बारावा दिवस हाय. दाणा न्हाई का पाणी न्हाई. पुढ्यात घमेलं ठिवलं तर बघतसुदिक न्हाई. अंडी उलटी-पालटी करायला तेवढा उठतो."

मी सांगितले होते खरे. आठ आठवडे नर असा बसतो. अंगातल्या चरबीवर आणि मिळाले तर दवाच्या थेंबांवर जगतो, आणि उठतो तेव्हा वजनाचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. मादी अंडी घालून खुशाल दुसरीकडे जाते. हे प्रथम ऐकले तेव्हा मामींनी "ही रीत चांगली हाय बाई!" असा शेरा मारला होता, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी कोणी हसले नाही. मामांचा सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा लोंबत होता. ते वाळले होते. मी त्यांच्याकडे पाहिले, त्या नराकडे पाहिले, आणि जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही मला आठवेना. नोटीस खिशात तशीच ठेवून मी परत आलो.

संक्रांतीला पुन्हा गेलो. बसलेला नर उठला होता. उभा राहिला होता तोही हाडांचा सापळाच. पण त्याच्या पायांशी वीतभर उंचीची पाच पिल्ले होती, काळसर-पांढऱ्या पट्ट्यांची, धावपळ करणारी, बाजारात ज्यांची किंमत शून्य होती अशी. आम्ही जवळ गेलो, तसा तो मान फुगवून आमच्यावर गुरगुरला.

मामांनी तिळगूळ दिला आणि त्याबरोबर एक घडी केलेला कागद. कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला. ओढ्याकाठचा दीड एकर त्यांनी विकला होता. विहिरीला पाणी असणारा तेवढाच तुकडा होता.

"मामा, मला न विचारता?" माझा आवाज चिरकला.

"इचारायचं काय त्यात? तुला नोटीस आली हुती ना? भाऊबीजेला दोनदा हात खिशाकडं नेलास तू. मी काय आंधळा हाय?" मग फडताळातून त्यांनी हे हिरवे कवच काढले. पहिल्या वर्षीचे, कंपनीने नाकारलेले, मामींनी भोक पाडून आतला बलक काढून घेतलेले. (एका अंड्यात कोंबडीची दहा-बारा अंडी मावतात, साऱ्या गल्लीने पोळी खाल्ली होती.) ते माझ्या हातात ठेवून म्हणाले, "घे. अडीच लाखाचं अंडं. पोरीला दाखव."

नंतरच्या उन्हाळ्यात काही पक्षी मेले, काही एका बागवाल्याने शोभेला म्हणून फुकट नेले. तो नर मात्र शेवटपर्यंत मामांकडेच राहिला. मामा 2019 साली गेले. त्या दीड एकराचे पैसे मी त्यांना पुढे थोडेथोडे करून देऊ केले. त्यांनी ते घेतले, आणि माझ्या मुलीच्या नावाने पोस्टात ठेवले, असे त्यांच्या मागे मामींनी पासबुक आणून दिले तेव्हा समजले. आता आमचे नगर अहिल्यानगर झाले आहे. पासबुकावर जुनेच नाव आहे.

हे सगळे मी परवा शेवटी मुलीला सांगितले. ती आता तेरा वर्षांची आहे, म्हणजे सगळे समजण्याच्या वयाची. तिने अंडे हातात घेतले, खरबरीत पाठीवरून बोट फिरवले.

"उभा राहिला तर पाच फूट सात इंच," मी म्हणालो. "बसला म्हणजे जेमतेम दोन फूट उरतो. पण मला तो सगळ्यांत मोठा दिसला, तो बसलेला असतानाच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अंडे जपून जागेवर ठेवत म्हणाली, "बाबा, शाळेच्या प्रकल्पात मी पाच फूट सात इंचच लिहिते हं."

मी म्हटले, लिही. आणि सवयीप्रमाणे तिच्या वहीतला 'पक्षी' दीर्घ आहे ना, ते पाहून घेतले.